रुग्णवाहिकेतला कामगार

इस्पितळांचा इतिहास आपण वाचतो, नामांकित वैद्यांची चरित्रेही वाचतो. परंतु अत्यवस्थ रोगी रस्त्यावरून इस्पितळाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचतो कसा, ह्या प्रश्नाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वास्तविक अनेकांच्या जीविताचा निकाल ह्या वाटेवरच लागत असतो. बेशुद्ध माणूस उताणा ठेवला तर जीभ मागे पडून श्वास कोंडतो. मोडलेले हाड गाडीच्या हिसक्याने रक्तवाहिनी फाडते. मान न सावरता उचलले तर एक धक्का जन्माचे पांगळेपण देऊन जातो. हमालीला मी हलके काम मानीत नाही. पण रोग्याला हलविणे म्हणजे नुसते ओझे वाहणे नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. एवढी साधी गोष्ट कळावयास जगाला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

प्रारंभ रणांगणावर झाला. १७९२ साली फ्रान्सच्या ऱ्हाइन सैन्यात दोमिनिक लारे हा तरुण शल्यवैद्य होता. त्या वेळी शुश्रूषेची पथके लढाईच्या जागेपासून कोसाहून अधिक मागे ठेवीत. लढाई संपल्यावर ती पुढे येत, आणि तोवर चोवीस-छत्तीस तास निघून गेलेले असत. घोड्यांच्या तोफा जर वाऱ्यासारख्या पुढेमागे नेता येतात, तर जखमी माणूस का आणता येऊ नये, असा प्रश्न लारेला पडला. त्याने स्प्रिंगांवर बसविलेल्या हलक्या गाड्या करविल्या. त्यांना नाव पडले 'उडती रुग्णवाहिका'. १७९७ च्या इटलीतील मोहिमेत त्याच्या पथकात ३४० माणसे होती. जखमीला उचलताना हुद्दा न पाहता जखम पाहावी, हा त्याचा दंडक होता.

अमेरिकेच्या यादवी युद्धात हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. ऑगस्ट १८६२ मधील बुल रनच्या दुसऱ्या लढाईत भाड्याने आणलेले गाडीवान पळून गेले आणि जखमी कित्येक दिवस मैदानात तळमळत पडले. त्याच महिन्यात जोनाथन लेटरमन ह्या लष्करी वैद्याच्या योजनेने रुग्णवाहिकांचे स्वतंत्र दल उभे राहिले. त्यातील माणसे ठरलेली, कवायत केलेली आणि दुसऱ्या कामाला न जुंपली जाणारी अशी होती. १७ सप्टेंबरला अँटिएटमला भयंकर रणकंदन झाले. तरी ह्या दलाने आपल्या ताब्यातील मैदानावरचे जखमी सुमारे एका दिवसात उचलले. फरक पडला तो मुख्यतः माणसांच्या नेमणुकीने आणि शिक्षणाने. १८६९ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात शहरी रुग्णवाहिका सुरू झाली, तीही ह्या युद्धात काम केलेल्या एडवर्ड डाल्टन ह्या वैद्याच्या हातून.

परंतु युद्धात शिकलेले शांततेच्या काळात विसरले जाते. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघातांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. १९६५ ह्या एका वर्षात त्या देशात अपघातांनी १,०७,००० माणसे मृत्युमुखी पडली होती. देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधी करणारे व्यावसायिक चालवीत होते! कारण उघड होते: माणूस आडवा झोपवता येईल अशी लांब गाडी त्यांच्याचपाशी असे. जगलेल्याला आणि मेलेल्याला वाहन एकच.

ह्या अंधारात उजेड पडला तो पोलादाच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पिट्सबर्ग शहरात. तेथे रोगी नेण्याचे काम पोलिसांकडे होते. कैद्यांच्याच गाडीत त्याला मागे ठेवावयाचे, दोघा शिपायांनी पुढे बसावयाचे आणि गाडी हाकावयाची, एवढाच प्रघात. रोग्याच्या उशाशी कोणी नसे. हिल नावाच्या निग्रो वस्तीत तर ही गाडीही उशिरा येई, आणि पोलिसांना हाक मारण्याचीच तेथील लोकांना भीती वाटे. नोव्हेंबर १९६६ मध्ये शहराचे माजी महापौर व प्रांताचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स एका सभेत कोसळले, आणि पुन्हा शुद्धीवर न येता निवर्तले. त्याच वर्षी पीटर सफार ह्या भूलतज्ज्ञाची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीचा हाच एक जनक. रोगी इस्पितळात येण्यापूर्वीच उपचार सुरू झाला पाहिजे, ह्या ध्यासाने तो कामाला लागला.

१९६७ साली त्याने आणि फ्रीडम हाऊस ह्या वस्तीतील संस्थेने मिळून एक धाडस केले. रुग्णवाहिकेसाठी माणसे निवडली ती हिल वस्तीतील बेकार निग्रो तरुणांतून. कोणी शाळा अर्धवट सोडलेला, कोणी व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला, कोणी तुरुंगवास भोगलेला. 'ह्यांना काम येणार नाही' असे ज्यांच्याविषयी सारे म्हणत, त्यांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण देण्यात आले. शरीररचना, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, हृदयाला दाब देणे, बाळंतपण, हे सारे त्यांना शिकविले. पहिल्या वर्षी त्यांनी सुमारे ५,८०० हाकांना धाव घेतली; २०० प्राण वाचले असा सफारचा हिशेब होता. पुढे नॅन्सी कॅरोलाइन ही तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर गाडीतून हिंडू लागली. त्या अनुभवावर तिने रचलेला अभ्यासक्रम साऱ्या देशात प्रमाण ठरला.

आणि ज्यांनी हे घडविले त्यांचे काय झाले? ऑक्टोबर १९७५ मध्ये नगरपालिकेने आपली स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. माणसे सामावून घेण्याचे आश्वासन होते. परंतु नव्या परीक्षा आल्या, जुन्या शिक्षांचे कागद निघाले, अनुभवी माणसे नवख्यांच्या हाताखाली गेली. एकामागून एक ती बाहेर पडली. १९९० नंतरच्या दशकाअखेर त्या शहराच्या सेवेत जवळजवळ सारे गोरेच उरले होते. कामगार चळवळीत वावरणाऱ्याला ही चाल ओळखीची आहे. कौशल्य ठेवून घ्यावयाचे आणि कौशल्यवंताला फाटकाबाहेर काढावयाचे!

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु गाड्यांची संख्या मोजून भागणार नाही. रोग्याच्या उशाशी कोण बसले आहे? त्याला किती तासांचे शिक्षण मिळाले? प्राणवायूची नळकांडी निघण्यापूर्वी कोणी तपासली? चालकाची ही कितव्या तासाची पाळी आहे? उद्या त्याची नोकरी राहणार आहे काय? हे प्रश्न केवळ संघटनेने विचारावयाचे नाहीत; ते नागरिकांनी विचारावयाचे आहेत. कारण त्या गाडीत कोणत्या दिवशी कोण आडवा असेल, हे कोणालाच सांगता येत नाही. तेथे आपला श्वास सांभाळणारा हात शिकलेला, विश्रांती मिळालेला आणि निर्धास्त असावा, ह्यातच रोग्याची सुरक्षितता आहे.