तळटीप : अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइड आणि औषधाचे सूक्ष्मगोल

३१.१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार दाबापलीकडे कार्बन डायऑक्साइडमध्ये वायू आणि द्रव असा भेद उरत नाही. गोंदियात मे महिन्यात पूर्ण भरलेल्या अग्निशामक सिलिंडरमध्येही हेच घडते, तेव्हा यात अद्भुत काही नाही. या अवस्थेत तो पीएलजीए या पॉलिमरमध्ये शिरून त्याला शरीराच्या तापमानालाच मऊ करतो. औषध मिसळून बारीक तोटीतून दाब सोडला की वायू निघून जातो आणि औषध पोटात घेतलेले सूक्ष्मगोल उरतात. रूढ पद्धतीतल्या डायक्लोरोमिथेन या विद्रावकाचा अंश ६०० पीपीएमच्या आत आणायचा खटाटोप इथे नाही. मग १९८९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ल्युप्रोलाइड या औषधाचे सूक्ष्मगोल विद्रावकानेच का घडवले गेले, हा आक्षेप रास्त आहे. अडचण त्या मऊपणातच आहे: कण एकमेकांना चिकटतात, आकार सारखा येत नाही, आणि सुईतून जायचे तर तो सारखा हवाच. उच्चदाबाची पात्रे महाग, हे वेगळेच. तरीही विद्रावकाने बिघडणाऱ्या प्रथिन-औषधांसाठी ही वाट सोडू नये, असे आमचे मत आहे. सालेकसा-देवरीकडच्या रुग्णाला रोजच्या गोळीपेक्षा औषध हळूहळू सोडणाऱ्या अशा सूक्ष्मगोलांची महिन्याची एक सुई सोयीची, हे खरे. पण पीएलजीए ४५ ते ५५ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा तिथवर सहज चढतो. त्यावर कोणतीही निर्मितीपद्धत उतारा नाही, शीतपेटीच लागते.