मरीनाची वाळू
न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल मद्यगृहावर 28 जून 1969 रोजी मध्यरात्रीनंतर पोलिसांनी छापा घातला आणि तेथे जमलेल्या समलिंगी लोकांनी प्रतिकार केला. पाश्चात्त्य देशांतील या चळवळीची कथा म्हणून मद्यगृहाच्या दारापासून सांगितली जाते. मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची, कथा तेथून सुरू होणे शक्यच नव्हते. राजाजींनी 1937 साली सेलम जिल्ह्यात आरंभलेली दारूबंदी 1948 पर्यंत सबंध प्रांतात पसरली आणि मधला अल्प काळ वगळता 1981 पर्यंत टिकली. जेथे पेलाच निषिद्ध, तेथे त्याच्याभोवती मेळा कोठून जमावा?

त्यात 1862 पासून अंमलात आलेल्या दंडसंहितेचे 377 वे कलम होतेच. त्याचा उपयोग खटल्यांपेक्षा धाकासाठीच अधिक झाला. भेटीगाठी होत त्या मरीनाच्या वाळूत, अंधार पडल्यावर. किनाऱ्याला प्रवेशमूल्य नव्हते. पण दारही नव्हते, त्यामुळे पोलिसांचा आणि गुंडांचा उपद्रव चुकत नसे.

यात पालट घडविला तो एका रोगाने. 1986 साली मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील एच. आय. व्ही. संसर्ग प्रथम उघडकीस आणला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. 1993 साली काढलेल्या संस्थेला त्यांनी वडिलांचेच नाव दिले. रोग आवरायचा तर समलिंगी पुरुषांपर्यंत पोचणे भाग होते. 1998 साली सुनील मेनन यांनी 'सहोदरन' ही संस्था स्थापन केली. इतरत्र जे काम मद्यगृहाने केले, ते येथे आरोग्यसंस्थेच्या बैठकीच्या खोलीने केले.

28 जून 2009 रोजी त्याच मरीनावर दिवसाउजेडी मिरवणूक निघाली. चारच दिवसांनी दिल्ली उच्च न्यायालयाने 377 वे कलम शिथिल केले; 2013 साली ते पुन्हा लागू झाले आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते, सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. पुढे मदुराईहून चेन्नईस पळून आलेल्या दोन तरुणींचा अर्ज न्या. आनंद वेंकटेश यांच्यापुढे आला, तेव्हा निर्णयापूर्वी ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन विषय समजावून घेऊन आले. न्यायाधीशाने शिकवणी लावावी, हे विरळाच! 7 जून 2021 च्या आदेशाने त्यांनी समलिंगी व्यक्तींना 'बरे' करण्याच्या उपचारांना मनाई केली.

लंडनमधील अशी निम्म्याहून अधिक स्थळे 2006 ते 2017 या काळात बंद पडली. चेन्नईतही ओळखी आता मोबाइलवर होतात. परंतु ज्याच्या घरी स्वतंत्र खोली नाही, त्याला संस्थेची बैठक आणि मरीनाची वाळू अजूनही लागते.