दानात आलेला कॉम्प्युटर

धर्मादाय संस्थेच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये कॉम्प्युटरची जी तारीख असते, ती तो संस्थेत आल्याची. त्याआधी तो दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर तीन-चार वर्षं राबलेला असतो. तो तिथून इथे कसा आला, याचा माग काढला की दातृत्वापेक्षा कायदा आणि हिशेबच जास्त भेटतात.

नाशिकपुरती दानाची ही वाट शरणपूरपासून सुरू होते. चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात ही वसाहत उभारली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे अक्षरांबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतले नऊ जण १८६६मध्ये संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या मोहिमेवर गेले. काम नाशिकात आणि वर्गणी विलायतेत, अशी ही रीत होती. काही कमी पडलं की लंडनला पत्र लिहायचं.

स्वतंत्र भारतात ही वाट अरुंद झाली. १९७६मध्ये परकीय देणग्यांवर नियमन आलं. आता लागू असलेल्या २०१०च्या कायद्यात परकीय देणगी म्हणजे फक्त पैसे नव्हेत, वस्तूसुद्धा. परदेशातल्या चर्चने प्रेमाने पाठवलेला लॅपटॉपही नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला घेता येत नाही. २०२०च्या दुरुस्तीने नोंदणीकृत मोठ्या संस्थेने आलेली देणगी पुढे छोट्या संस्थेला देण्याची सोयही बंद केली. शिवाय वापरलेले कॉम्प्युटर आयात करायचे तर वेगळा परवाना लागतो.

मग उरली देशातली वाट. सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या कंपन्या शुल्कमाफीने कॉम्प्युटर आणत. ते बाजारात विकले तर शुल्क भरावं लागे; पण दोन वर्षं वापरून दान केले तर शुल्क माफ. मात्र दान कुणाला, याची यादी ठरलेली: मान्यताप्राप्त बिगरव्यापारी शिक्षणसंस्था, नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयं, सार्वजनिक ग्रंथालयं, सरकारी संस्था. म्हणजे मिशनची शाळा यादीत बसते, चर्चचं कार्यालय बसत नाही.

कंपन्या इतक्या लवकर यंत्रं का काढतात, याचं उत्तर जमाखर्चात आहे. कंपनी कायदा, २०१३च्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप-लॅपटॉपचं आयुष्य तीन वर्षं धरलं आहे. चालू स्थितीतलं यंत्रही चौथ्या वर्षी वहीत जवळपास शून्याचं होतं, आणि त्याचं निर्लेखन होतं.

१ एप्रिल २०१४पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करणं बंधनकारक झालं. साहजिकच विनंतीअर्जांचा ओघ नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांकडे वळला. पण केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१मध्ये खुलासा केला, की वस्तुरूप मदतीची किंमत काढून ती या खर्चात दाखवता येत नाही. आयकरातली सवलतही फक्त पैशाच्या देणगीला. जुना कॉम्प्युटर देणाऱ्याला ना करात सूट, ना सीएसआरमध्ये मोजणी. त्याच्या पदरात पडते ती रिकामी झालेली जागा.

पैशाची दुसरी वाट गावातून जाते. नाशिकहून कसारा घाट उतरल्यावर लागणाऱ्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाली, आणि राज्यातल्या कितीतरी शाळांनी तो कित्ता गिरवला. तिथे यंत्र लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे निवडलं, दुसऱ्याच्या अडगळीतून उचललं नाही.

अडगळीतल्या यंत्राचा खरा खर्च तर नंतर सुरू होतो. एके काळी मराठी टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे; युनिकोडने तो भार उतरवला. आता नवी अडचण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार संपला आणि २०१८च्या आधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. दानात याच पिढीतली यंत्रंही येऊ शकतात. त्यांच्यावर लिनक्स आणि लिब्रेऑफिस टाकलं तर पावत्या, सभासद-नोंदी, अहवाल यांची कामं आणखी काही वर्षं बिनखर्च निघतात. ते बसवणारं माणूस मात्र जवळ हवं.

म्हणून विश्वस्तांनी दात्याकडे यंत्र मागू नये, चेक मागावा. दात्याला आयकर सवलतीची पावती मिळते, कंपनीच्या खात्यात खर्च मोजला जातो, आणि संस्थेला वॉरंटीसह हवं ते यंत्र घेता येतं, नवं किंवा दुरुस्त केलेलं. जुनंच घ्यायचं असेल तर वर्ष आणि प्रोसेसर विचारूनच हो म्हणावं. नाहीतर त्याच्या ई-कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारीही दानातच येते.