ज्ञानकोशाचा हरवलेला पहिला अध्याय

१/ विकिपीडियावरील कोणत्याही लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ अशी एक कळ असते. ती दाबली की कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणते वाक्य बदलले, याची संपूर्ण नोंद समोर येते. बखरकाराने आपली खाडाखोडही जपून ठेवावी, तसा हा प्रकार. मात्र याच ज्ञानकोशाच्या आरंभीच्या महिन्यांची बरीचशी नोंद जवळजवळ दहा वर्षे गहाळ होती. ती कशी हरवली आणि कुठे सापडली, हे समजण्यासाठी ‘मीडियाविकी’ या मुक्त प्रणालीचा जन्म पाहावा लागतो.

२/ आरंभ २५ मार्च १९९५ चा. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने कोणीही वाचावे आणि कोणीही बदलावे असे एक संकेतस्थळ उघडले. होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ बसगाडी त्याच्या स्मरणात होती. हवाईयन भाषेत विकी म्हणजे त्वरित. तेच नाव त्याने घेतले. जुन्या आवृत्त्या कायम जपणे हे त्या मूळ रचनेचे उद्दिष्टच नव्हते. पान म्हणजे फळा, पुसायचे आणि पुन्हा लिहायचे.

३/ १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तो याच परंपरेतील ‘यूजमॉडविकी’ या क्लिफर्ड अॅडम्सच्या प्रणालीवर. तिच्यात मजकूर डेटाबेसमध्ये नव्हे, तर साध्या फाइलींत राही. जागा वाचावी म्हणून जुन्या आवृत्त्या काही दिवसांनी आपोआप नष्ट होत. गप्पांच्या फळ्याला हे चालून गेले असते. ज्ञानकोशाला ते घातक ठरले, पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येणार?

४/ आणखी एक अडचण होती, आणि आपल्यासाठी ती विशेष अर्थपूर्ण आहे. दुवा तयार करायचा तर शब्द जोडून प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहावे लागे. मध्येच वर आलेल्या अक्षराच्या कुबडामुळे त्याला ‘कॅमलकेस’ म्हणत. त्या नियमाने एकाक्षरी शीर्षक अशक्य. म्हणून ‘यू’ अक्षराच्या पानाला तीनदा ‘यू’ लिहून नाव द्यावे लागले! १६ जानेवारी २००१ चे हे विचित्र पान पुढे दीर्घकाळ विकिपीडियावरील सर्वांत जुनी उपलब्ध नोंद मानले गेले.

५/ आता विचार करा, देवनागरीत लहान-मोठी अक्षरे आहेतच कुठे? त्या नियमाने मराठीत एकही दुवा बनला नसता. २००१ च्या आरंभीच अॅडम्सने दुहेरी चौकटी कंसांत हवे ते शब्द लिहिण्याची सोय केली. सोय इंग्रजीसाठी होती. वाट मात्र अनेक लिप्यांना मोकळी झाली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, महाराष्ट्र दिनाचा.

६/ दरम्यान लेख वाढले, फाइलींचा भार पेलवेना. कोलोन विद्यापीठात जीवशास्त्र शिकणारा माग्नुस मान्स्के याने पीएचपी भाषा आणि मायएसक्यूएल डेटाबेस वापरून नवी प्रणाली लिहिली. जानेवारी २००२ मध्ये इंग्रजी विकिपीडिया तिच्यावर गेला. वर्दळ वाढताच तीही धापा टाकू लागली. तेव्हा ली डॅनियल क्रॉकरने ती नव्याने लिहिली आणि जुलै २००२ मध्ये ती रुजू झाली. ‘मीडियाविकी’ हे नाव मिळाले २००३ मध्ये. परवाना जीपीएल: कोणीही घ्यावी, बदलावी, वापरावी. अमेरिकन गुप्तचर संस्थांचा अंतर्गत कोश ‘इंटेलिपीडिया’ही हीच प्रणाली वापरतो, ही या मोकळेपणाची एक गंमतच.

७/ नव्या प्रणालीने प्रत्येक आवृत्ती जपण्याचे व्रत घेतले, पण आधीचे गेले ते गेलेच होते. आजही अनेक जुन्या लेखांच्या इतिहासात तळाशी २५ फेब्रुवारी २००२ ही तारीख आणि लेखक म्हणून ‘कन्व्हर्जन स्क्रिप्ट’ हे नाव दिसते. हा मनुष्य नव्हे, स्थलांतर करणारा प्रोग्राम. त्याच्या मागे खरे लेखक कोण होते, हे अनेकदा त्या पानावरून कळतच नाही.

८/ डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग हा विकिमीडियाचा प्रोग्रामर सोर्सफोर्जवरील जुन्या फाइली चाळत होता. एका दाबून बांधलेल्या फाइलीत त्याला फेब्रुवारी, मार्च आणि ऑगस्ट २००१ च्या संपूर्ण प्रती सापडल्या. शोधयात्रेत नव्हे, तर अडगळीत दप्तर हाती लागावे, तसे. १७ ऑगस्ट २००१ पर्यंतचे बदल त्यामुळे पुन्हा उजेडात आले. त्यांत १५ जानेवारीची, मुखपृष्ठाची पहिली नोंदही होती: हा नवा विकिपीडिया, अशा आशयाची.

९/ प्रकरण इथे मिटायला हवे होते. पण डिसेंबर २०२१ मध्ये संस्थापक जिमी वेल्स यांनी आपल्या ‘पहिल्या संपादना’चा एनएफटी क्रिस्टीजच्या लिलावात विकला, साडेसात लाख डॉलर आले. त्यांच्या आठवणीप्रमाणे पहिले शब्द होते ‘हॅलो, वर्ल्ड!’, आणि ते त्यांनी नंतर पुसले होते. सापडलेल्या प्रतींत हे शब्द नाहीत. साक्षीदार खुद्द संस्थापक, आणि कागद गप्प. मला विचाराल तर माझा कल कागदाकडे आहे. परंतु जी प्रणाली जुने पुसून टाकत होती, तिच्या कागदावर किती भिस्त ठेवावी, हाही प्रश्न उरतोच. तुमचा कौल कोणाला?