पावसाळ्यातील पागा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आज चादरींचे आणि टॉवेलचे माग चालतात. हा रस्ता ज्या अक्कलकोटला जातो, तेथील संस्थानाला 1868 पर्यंत घोडेस्वारांची तुकडी बाळगावी लागे. मुलूखच घोड्यांचा. भीमेकाठच्या काटक भीमथडी तट्टांवर मराठी फौजेची भिस्त होती. त्या फौजेच्या स्वाऱ्यांची चर्चा पुष्कळ होते. चार महिने पावसात ही जनावरे जगवायची कशी, याची क्वचितच.

शिवछत्रपतींनी चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीस राहिलेल्या जुमलेदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका, एवढेच बहुतेकांना त्यातले आठवते. पत्राचा आरंभ मात्र घोड्यांच्या चंदीने होतो. पावसाळ्यापुरता साठविलेला दाणा आणि गवत आताच मनास येईल तसे उधळले, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्यातला इशारा आहे. पुढे चुली, चिलमी आणि उंदराने पळविलेली दिव्याची पेटती वात यांनी गवताच्या गंजींना आग लागण्याची भीती आहे. राजाने उंदराचाही विचार करावा, यातच पागेचे मोल कळते.

या काळजीमागचे शास्त्र आज कळते. घोडा अर्धपोटी राहिला की रोगाशी लढणाऱ्या त्याच्या पेशी दुबळ्या होतात. कोंदट तबेल्यात मुताचा अमोनिया आणि बुरसटलेल्या गवताची धूळ श्वासनलिकेचे अस्तर बिघडवते; मग साधा सर्दीपडसाही फुप्फुसापर्यंत उतरतो. रोजची माफक फिरती जनावराला मानवते. दमछाक होईपर्यंतच्या मजलेनंतर मात्र शरीरात कॉर्टिसोल वाढते आणि काही काळ रोगप्रतिकारशक्ती मंदावते. त्यातून सावरायला कोरडी जागा, दाणा आणि विसावा लागतो. दसऱ्याला मोहीम आणि पावसाळ्यात छावणी, या जुन्या रिवाजात तो विसावा आपोआप मिळे.

औरंगजेबाने 1700 साली हा रिवाज मोडला. सातारा आणि परळीचे किल्ले हाती येताच, छावणीची वाट न पाहता, त्याने भर पावसात कूच केले. उरमोडी आणि कृष्णा दुथडी भरलेल्या, वाटा चिखलाच्या, वैरणीचा तुटवडा, आणि आधीच वेढ्यांनी खंगलेली जनावरे. वाटेवर ती मोठ्या संख्येने मेली. उरलेला लष्कराचा पसारा आजच्या सोलापूर जिल्ह्यातील खवासपूर येथे माण नदीच्या पात्रालगत उतरला. 1 ऑक्टोबरच्या रात्री नदीला अचानक लोंढा आला. तंबू, माणसे, जनावरे वाहून गेली. गडबडीत उठून पळताना बादशहा पडला, गुडघा निखळला आणि तो जन्मभर लंगडत राहिला.