एकसष्टचं ज्येष्ठ मूळ

फळ्यावर एक संख्या लिहिली आहे. १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी आणि वर काही लाख. हिचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा, उरलं त्याला ६१ ने भागा. येतो तोही पूर्ण वर्गच, २२,६१,५३,९८० चा. (यात एकसष्ट लाख दिसतात तो निव्वळ योगायोग!) एक हा आकडा सोडला, तर हिच्याहून लहान कुठल्याही धन पूर्णांकाला हे साधत नाही.

आता ६१ चे शेजारी पाहा. ६० चं काम ३१ वर भागतं: ३१ चा वर्ग ९६१, त्यातला १ काढला की ९६०, म्हणजे साठ गुणिले सोळा. ६२ ला ६३ पुरतात. मधल्यालाच अब्ज लागतो. शंभराच्या आत एवढं मोठं उत्तर दुसऱ्या कुणालाच लागत नाही.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणिता’त नेमका हाच ६१ घेतला. एकेक संख्या तपासत बसायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही. त्यांनी चक्रवाल चालवलं. ८ चा वर्ग ६४, ६१ पेक्षा ३ ने जास्त. या फरकाला म्हणायचं क्षेप. मग ७ घ्यायचे, कारण ८ आणि ७ ची बेरीज ३ ने भागली जाते आणि ७ चा वर्ग ६१ पासून फार लांब नाही. एक फेरा झाला की ३९ हाती येतात: ३९ चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, क्षेप उणे ४. इथे पाचशे वर्षं आधीच्या ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ मदतीला येते. ही जोडी तिच्याशीच जुळवत गेलं की २९,७१८ मिळतात. त्याच्या वर्गाची दुप्पट अधिक एक, म्हणजे फळ्यावरची संख्या. संपलं.

१६५७ साली फर्माने फ्रान्समध्ये फ्रेनिकलला आव्हान म्हणून दिलेल्या संख्यांत ६१ होताच. ‘बीजगणिता’चं कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर आलं १८१७ मध्ये, तेव्हा उसनवारीचा प्रश्नच नाही. अवघड जागा दोघांनाही एकच दिसली.

इथे टाळ्या पडतात. ‘आपण पाचशे वर्षं पुढे!’ आम्हीही वर्गात तेच सांगत आलो, आणि ते अर्धंच होतं. हे चाक दर वेळी एकवर येऊन थांबेलच, कशावरून? तशी सिद्धता भास्कराचार्य देत नाहीत. असं उत्तर नेहमी असतंच, हे सिद्ध केलं लाग्रांजने, अठराव्या शतकात. पण म्हणून ‘सिद्धता नाही तर ज्ञान नाही’ म्हणणाऱ्यांशीही आमचं जमत नाही. ६१ चं उत्तर स्वतःची साक्ष स्वतःच देतं. गुणाकार करून पाहा, दुसरा साक्षीदार नको. हे उत्तर बरोबर आहे हे जाणणं एक, आणि ही रीत कधीच फसणार नाही हे जाणणं दुसरं. भास्कराचार्यांकडे पहिलं पुरेपूर होतं.

६७ चं उदाहरणही त्यांचंच. सुरुवात तिथेही ८ पासून, क्षेप उणे ३. उत्तर ४८,८४२. पुढच्या गुरुवारपर्यंत मधले फेरे कुणीतरी करून आणा.