आधी पेठ, मग फुटबॉल

छोट्या गावात फुटबॉलचा क्लब कसा उभा राहतो, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर असे की काही खेळवेडी मुले एकत्र येतात, मैदान शोधतात, प्रायोजक गाठतात आणि क्लब सुरू होतो. सुरू होतो, हे खरे. पण असे क्लब दहा वर्षेही टिकत नाहीत. मुले नोकरीला लागतात, लग्ने होतात, सामन्याच्या दिवशी चुन्याच्या रेषा मारायला आणि पाण्याचे कॅन आणायला माणूस उरत नाही. महाराष्ट्रात बिनपगारी कार्यकर्त्यांच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल चालवून दाखवणारे एक ठळक शहर आहे, ते म्हणजे कोल्हापूर. तिथला इतिहास नीट पाहिला तर वरचे उत्तर उलटे करावे लागते. टिकलेला क्लब खेळाच्या प्रेमातून जन्मलेला नसतो. आधीपासून एकमेकांचे देणे लागणारी माणसे असतात आणि फुटबॉल त्यांच्या व्यवहारात मागाहून येतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे सातपुड्याच्या उतारावरची पोरे पायांनी कणखर असूनही क्लबांची परंपरा रुजलेली नाही, तिथे हा क्रम समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते.

कोल्हापूरच्या संघांची नावे वाचली तरी क्रम दिसतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. प्रॅक्टिस क्लबसारखा अपवाद सोडला तर बहुतेक नावे तालमीची, पेठेची किंवा देवळाची आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि 1912 साली खासबागचे मैदान बांधून पूर्ण झाले. त्या काळात पेठापेठांत तालमी भरभराटीला आल्या. लाल मातीचा आखाडा, मारुतीची मूर्ती, बाहेर बसायला कट्टा. पण तालीम ही फक्त पैलवानांची जागा कधीच नव्हती. गणपती तिथेच बसायचा आणि मोहरमचे पंजेही कित्येक तालमींत तिथेच बसायचे. शिवजयंतीची मिरवणूक तिथून निघायची, पेठेतली भांडणे तिथे मिटायची, कोणाच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला माणसे तिथूनच जायची. म्हणजे चेंडू येण्याआधीच वर्गणीचे पावतीपुस्तक होते, हिशेब ठेवणारा होता, रात्री जागणारी पोरे होती आणि त्यांना दटावणारे वडीलधारेही होते.

फुटबॉल आला तो शाळा-कॉलेजांच्या वाटेने आणि संस्थानी आश्रयाने. 1940 साली, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली. कोल्हापूरकर तिला ‘केएसए’ म्हणतात. खेळाडूंची नोंदणी, लीगचे वेळापत्रक, पंच, शिस्तभंगाची कारवाई ही तिची कामे, आणि शाहू स्टेडियम हे तिचे रणांगण. संघटनेने चौकट दिली; चौकटीत संघ भरले ते तालमींनी. शिवाजी पेठेतल्या कोणा पोराला सरावासाठी पहाटे गांधी मैदानावर बोलवायला वेगळा निरोप लागत नसे, कारण आदल्या रात्री तो कट्ट्यावरच असे. संघाचे बूट-मोजे आणायला वेगळी समिती लागत नसे, कारण गणेशोत्सवाची समिती होतीच. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ ही चुरस फुटबॉलने निर्माण केली नाही. कुस्तीत आणि मिरवणुकीत ती आधीपासून होती, फुटबॉलने तिला नव्वद मिनिटांची मुदत दिली. आज कित्येक तालमींतला आखाडा ओस पडला आहे, तरी संघ मात्र मैदानात उतरतो. मुळातला खेळ गेला आणि मंडळ राहिले, हाच माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा.

याच्या उलट बाजूचे उदाहरण कंपन्यांच्या क्लबांचे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा 1962 सालचा संघ. 2005-06 च्या हंगामात तो राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता. 2010 साली कंपनीने संघ बंद करायचे ठरवले आणि तो बंद झाला. पुढच्याच वर्षी पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटीचेही तेच झाले, आणि तो तर 1996-97 च्या पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता. या संघांनी खेळाडूंना पगार दिले, नोकऱ्या दिल्या, तालमींना जे कधी परवडले नसते ते सगळे दिले. त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण संघ चालवण्याचे कारण एका टेबलावर ठरत होते, म्हणून ते त्याच टेबलावर संपूही शकले. खंडोबा तालमीचा किंवा पाटाकडीलचा संघ असा एका ठरावाने बंद करता येत नाही. तो ठराव करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जायचे असते.

हे फक्त कोल्हापूरचे वैशिष्ट्य असते तर त्यावरून नियम काढणे धाडसाचे ठरले असते. पण फुटबॉल जिथे जिथे खोल रुजला तिथे असाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. लिव्हरपूलचा एव्हर्टन हा 1878 साली सेंट डोमिंगो चर्चच्या मंडळीतून निघालेला संघ. ग्लासगोचा सेल्टिक 1887 साली ब्रदर वॉलफ्रिड यांनी काढला तो शहराच्या पूर्व भागातल्या गरिबांच्या पोटाला अन्न मिळावे, त्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून. आपल्या शेजारी गोव्यात फुटबॉलचा आरंभ सांगताना 1883 साली शिवोलीला आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांचे नाव घेतात, आणि तिथे कोल्हापूरच्या तालमीची जागा गावच्या चर्चने घेतली. सर्वांत जवळचे साम्य मात्र जर्मनीत सापडते. म्युनिकचा ‘1860’ हा संघ नावाप्रमाणेच 1860 साली व्यायाममंडळ म्हणून सुरू झाला आणि फुटबॉलचा विभाग त्यात 1899 साली निघाला. व्यायामशाळेच्या पोटात फुटबॉल वाढणे ही कोल्हापुरी गोष्ट बव्हेरियातही घडली होती.

म्युनिकचेच दुसरे उदाहरण माझ्या म्हणण्याला अडचणीत आणते, म्हणून तेही मांडले पाहिजे. बायर्न म्युनिक 1900 साली जन्मला तो एका व्यायाममंडळातून बाहेर पडून. त्या मंडळाने आपल्या फुटबॉलपटूंना फुटबॉल संघटनेत सामील व्हायला परवानगी दिली नाही, म्हणून खेळाडू उठून गेले आणि त्यांनी स्वतंत्र क्लब काढला. जुनी संस्था आधार देते तशी ती खेळाला कोंडूही शकते. कोल्हापुरात हा कोंडमारा वेगळ्या रूपात आहे. पेठेचा अभिमान मैदानात कधी हुल्लडबाजी होऊन उतरतो, प्रेक्षकांत हाणामारी होते, सामने थांबतात आणि केएसएला कारवाईचा बडगा उगारावा लागतो. दुसरे, तालीम ही परंपरेने पुरुषांची जागा. मुलींचा फुटबॉल कोल्हापुरात मुख्यतः शाळा-कॉलेजांच्या आधाराने वाढला, कट्ट्याने त्याला आपला मानायला फार उशीर केला. हा दोष किरकोळ नाही. शेजारावर आधारलेली संस्था शेजाराचे दोषही घेऊन येते, हे मान्य करूनच तिची बाजू घ्यावी लागते. तरीही हुल्लडबाजीला आवर घालणारा सर्वांत परिणामकारक माणूस म्हणजे पेठेतला तो वडीलधारा, ज्याच्यापुढे पोर मान वर करत नाही. पोलीस बंदोबस्ताने सामना पार पडतो. पुढचा सामना नीट व्हावा यासाठी हाच माणूस लागतो.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. कोल्हापूरला राजघराणे होते, म्हणून तिथे हे जमले, असे म्हणतात. राजाश्रयाचे महत्त्व मी कमी लेखत नाही आणि छत्रपती घराणे आजही केएसएच्या पाठीशी आहे. पण कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याला पाऊणशे वर्षे उलटली. कुस्तीला आश्रय देणारी संस्थाने इतरही होती. सांगली, मिरज, औंध ही सगळी शेजारचीच. तिथे पेठवार फुटबॉलची अशी लीग उभी राहिली नाही. राजाने बी दिले असेल, पण गादी गेल्यावरची पाऊणशे वर्षे पाणी घातले ते पेठांनी. हल्ली राजकीय नेत्यांच्या नावाचे चषक होतात, मोठी बक्षिसे लागतात, बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडू मानधन देऊन उतरवले जातात. त्यामुळे बिनपगारी कार्यकर्त्याचा काळ संपला असेही कोणी म्हणेल. पण मानधन घेणारा खेळाडू हंगाम संपला की निघून जातो. त्याची राहण्याची सोय पाहणारा, त्याला स्टेशनवरून आणणारा, त्याच्या नोंदणीचे कागद केएसएच्या कचेरीत नेऊन देणारा माणूस अजूनही फुकटच राबतो. पैसा वाढला तसे त्याचे काम वाढले आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याला घडवण्यात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा वाटा मोठा, हे खरेच. पण लहान मुलाने फुटबॉलच खेळावा असे ज्या गावाच्या हवेत आहे, ती हवा प्रबोधिनीने तयार केलेली नव्हती.

आता नंदुरबारकडे वळू. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. इथे तालमीसारखी जुनी चौकट नाही, असे वरवर वाटते. पण नंदुरबार शहरात दादा गणपती आणि बाबा गणपती यांची मंडळे आहेत, आणि विसर्जनाच्या दिवशी होणारी त्यांची हरिहर भेट पाहायला सगळे शहर लोटते. इतकी माणसे वर्षानुवर्षे बिनबोभाट राबवणारी संस्था फुटबॉलचा संघ चालवू शकणार नाही, असे मानायला कारण नाही. सातपुड्यात तर त्याहून जुनी रीत आहे. भिल्ल-पावरा गावांत एकाच्या शेतावरचे किंवा घराचे मोठे काम सगळे मिळून करतात, घरधनी जेवण घालतो आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्याच्या कामाला जातो. याला लाह म्हणतात. इथे मजुरी नाही, पण दानधर्मही नाही. केलेले काम दुसऱ्याच्या अंगावर राहते आणि फिटते. कोल्हापूरच्या कट्ट्यावर न लिहिता चालणारा हिशेब हाच आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी परंपरेने 1246 पासूनची सांगतात. जंगलातून उंच बांबू आणायचा, तो उभारायचा, व्रत घेतलेल्यांनी नेम पाळायचे आणि पहाटे होळी पेटवायची, हे सगळे गावोगावचे लोक आपापले काम ओळखून करतात. शिवाय डोंगरातल्या होळ्या एकाच दिवशी होत नाहीत. एका गावच्यांना दुसऱ्या गावी जाता यावे म्हणून दिवस वाटून घेतलेले असतात. लीगचे वेळापत्रक लावताना हेच कौशल्य लागते आणि ते या गावांना शिकवायची गरज नाही.

खेळ इथे पोहोचलेला नाही असेही नव्हे. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा दर वर्षी होतात. नर्मदाकाठच्या बुडित गावांत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चिमलखेडीसारख्या ठिकाणी जीवनशाळा उभ्या राहिल्या. गावच्याच तरुणांनी त्यांत शिकवले आणि त्यांच्या बालमेळ्यांत मुले हिरिरीने खेळत आली. अडते ते पुढे. आश्रमशाळा सुटली की खेळही सुटतो, कारण तो शाळेचा होता, गावाचा नव्हता. म्हणून धडगावला किंवा तळोद्याला अकादमीची पाटी लावून सुरुवात करणे मला चुकीच्या टोकाने सुरू केल्यासारखे वाटते. प्रशिक्षक हवाच, मैदान सपाट करायला सरकारी निधीही हवा. पण संघ पाड्यांच्या नावाने असावेत, त्यांची जबाबदारी होळीची तयारी करणाऱ्या माणसांकडे असावी आणि मैदान नीट करण्याचे काम लाह लावून व्हावे. होळीत नि लाहेत बाया राबतातच, तेव्हा मुलींचा संघ इथे कोल्हापूरच्या आधी आपला मानला जाणेही अशक्य नाही.

यावर सर्वांत खरा आक्षेप स्थलांतराचा आहे. दिवाळी झाली की सातपुड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. कोल्हापूरचा हंगाम चालतो तो नेमका पावसाळ्यानंतरच्या याच महिन्यांत. तो जसाच्या तसा उचलला तर पाड्यात खेळायलाच कोणी नसेल आणि वेळापत्रक कागदावर राहील. पण त्या महिन्यांतही होळीला जमेल तो माणूस गावी येतोच, कारण होळी चुकवणे म्हणजे आपले देणे चुकवणे. स्पर्धा होळीच्या त्या आठवड्यात गावोगावच्या दिवसांना जोडून ठेवावी. लीगचे सामने पावसाळ्यात, पेरणी-निंदणीच्या मधल्या उसंतीत व्हावेत. मुंबईत आणि कोलकात्यात चिखलातला फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला आहे, तेव्हा पावसाचे भय धरायला नको. वेळापत्रक जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, तर होळीचे दिवस जिथे ठरतात त्याच बैठकीत ठरावे.